डांबरगोळी आणि पिवळे बाळ

मुलुंडहून गाडी ठाणे ओलांडून पुढे निघाली की कल्याण लागते. रेल्वेचे जंक्शन म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे; पण रक्तशास्त्राच्या जागतिक साहित्यातही या गावाचे नाव आहे, हे मला बरेच उशिरा, जुनी नियतकालिके चाळताना कळले. 1984 साली एका कोळी कुटुंबात तांबड्या पेशींमधल्या एका विकराचा वेगळा, दुबळा प्रकार सापडला आणि त्याला ‘जी-सिक्स-पीडी कल्याण’ असे नाव मिळाले. पुढे 1992 मध्ये लक्षात आले की, केरळात सापडलेला प्रकारही जनुकातल्या त्याच बदलाने झालेला आहे. तेव्हापासून दोन्ही नावे जोडून घेतली जातात.

या विकराचे काम राखणदाराचे. औषधे, संसर्ग, काही रसायने यांच्या माऱ्यापासून ते तांबड्या पेशी वाचवते. ते कमी असले तरी एरवी माणूस ठणठणीत असतो. मारा झाला की मात्र पेशी भराभर फुटतात. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने त्रास मुलग्यांना अधिक, आणि तो येतो आईकडून, जिला स्वतःला बहुधा काहीच झालेले नसते. मुंबईच्या पारशी समाजात ही कमतरता बरीच आढळते. पण ती कोणा एका जातीची वा धर्माची मिरास नव्हे.

आता बाळाकडे येऊ. जन्मल्यावर जादा तांबड्या पेशी मोडतात, त्यांतून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य सुटते, आणि त्याची विल्हेवाट लावणारे यकृत अजून कच्चे असते. म्हणून निम्म्याहून अधिक बाळे पहिल्या आठवड्यात थोडीफार पिवळी होतात आणि आपसूक निवळतात. परंतु पेशी भलत्याच वेगाने फुटू लागल्या तर बिलिरुबिन मेंदूत शिरते. त्यातून बहिरेपण येते, हातपाय कायमचे वेडेवाकडे होतात, प्रसंगी बाळ दगावते.

आणि इथे आपली ट्रंक येते. बाळाला नवे कपडे घालू नयेत, जुने मऊ सुती घालावेत, ही रीत शहाणपणाचीच. पण थोरल्या भावंडाची झबली, दुपटी, आजीच्या लुगड्याची गोधडी डांबरगोळ्यांत ठेवलेली असतात. या गोळ्यांतले नॅफ्थलीन हाच तो मारा. कपड्यांना लागलेल्या वाफेने नवजात बाळांच्या पेशी फुटल्याचे ग्रीसमधल्या डॉक्टरांनी 1963 साली नोंदवले. तेल लावलेल्या अंगातून नॅफ्थलीन अधिक मुरते, असेही मानले जाते. आपल्याकडे तर मालीश ठरलेलीच. त्यात घाटकोपर-बोरिवलीच्या प्रसूतिगृहांतून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी सोडतात, आणि कावीळ चढते ती तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. म्हणजे ट्रंक उघडते नेमकी तेव्हाच.

उपचाराचा शोध मोठा गमतीदार आहे. 1956 च्या सुमारास इंग्लंडमधील रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड बाळांना बागेत उन्हात नेत. एका बाळाचा उघडा राहिलेला भाग फिका आणि झाकलेला तेवढा पिवळा, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवले. त्यातून निळ्या दिव्याचा उपचार आला. हा प्रकाश बिलिरुबिनच्या रेणूची घडण बदलतो आणि ते यकृताच्या मदतीवाचून बाहेर पडते. मग कोवळे ऊन का नको? अंधेरीच्या इमारतींच्या गर्दीत ते मिळते किती, हा एक प्रश्न. आणि मिळाले तरी त्याची मात्रा मोजता येत नाही, उघडे बाळ गारठते किंवा भाजते. काविळीची माळ, आईने पिवळे न खाणे, यांवर तर वेळ दवडूच नये. दिव्याने भागले नाही तर बाळाचे रक्त बदलावे लागते.

पहिल्या चोवीस तासांतच पिवळेपणा आला, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ पिईनासे, सुस्त झाले, किंवा कर्कश रडत पाठीची कमान करू लागले, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.

एक बारकावा राहिला. या विकराची तपासणी साधी आहे. पण पेशी फुटण्याच्या ऐन भरात ती केली तर जुन्या दुबळ्या पेशी आधीच गेलेल्या असतात आणि उरलेल्या तरण्या पेशींत विकर जास्त असते. अहवाल ‘नॉर्मल’ येऊ शकतो. शंका असेल तर दोन-तीन महिन्यांनी ती पुन्हा करून घ्यावी, आणि तोवर बाळाचे कपडे कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यात ठेवावेत.