मोठ्या गिऱ्हाइकांची विक्री

सॉफ्टवेअर विकणाऱ्याची इयत्ता त्याच्या गिऱ्हाइकाच्या आकारावरून ठरते. दुकानदार, दवाखाने, शाळा, छोटे कारखाने ही पहिली पायरी. कंपन्यांच्या भाषेत एसएमबी. काही शे कर्मचाऱ्यांच्या कंपन्या म्हणजे मिड-मार्केट. त्यावर एंटरप्राइझ, आणि सर्वांत वर की अकाउंट, जिथे एका माणसाकडे वर्षभर मोजकीच, कधी एकच गिऱ्हाईक असतं. या रेषा प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने आखते, पण पगार आणि मान सगळीकडे वरच्या पायरीकडे झुकलेला. दोन-तीन वर्षं टार्गेट गाठलेल्या जवळपास प्रत्येकाला वर जायचं असतं. तिथे पोचलेल्यांपैकी बरेच जण पहिल्याच वर्षी अडखळतात, कारण ज्या सवयींनी खाली यश दिलं त्याच वर आड येतात.

नील रॅकहॅम या ब्रिटिश संशोधकाने हे १९८८ साली ‘स्पिन सेलिंग’ या पुस्तकात पुराव्यानिशी दाखवलं. त्याच्या ह्युथवेट या संस्थेने बारा वर्षांत सुमारे ३५,००० विक्री-भेटींचं निरीक्षण केलं होतं. ‘आज घेतलंत तरच सवलत’, ‘चेक कुणाच्या नावे काढू’ अशी घाई स्वस्त वस्तूच्या विक्रीत उपयोगी पडते, महागड्या खरेदीत मात्र नुकसान करते, असं त्यात आढळलं. मोठ्या सौद्यात यशस्वी होणारे लोक कमी बोलत आणि प्रश्न जास्त विचारत. त्यातही विशेषतः असे, की चालू अडचणीची किंमत गिऱ्हाइकाने स्वतःच मोजावी.

फरक कुठून येतो हे भोपाळच्या एम.पी. नगरमधल्या एखाद्या व्यापाऱ्याला हिशेबाचं सॉफ्टवेअर विकताना सहज दिसतं. मालक समोर बसलेला असतो, पैसे त्याचे, त्रास त्याचा, निर्णयही त्याचा. डेमो आवडला तर आठवड्यात पैसे येतात. १ जुलै २०१७ला जीएसटी लागू झाला तेव्हा तर गरज कायद्यानेच निर्माण केली होती. विक्रेत्याने वेळेवर फोन उचलला तरी पुरे. अशा वर्षातली आकडेवारी बायोडेटावर झकास दिसते, आपल्या विक्रीकलेबद्दल थोडा गैरसमजही करून देते.

मोठ्या संस्थेत सॉफ्टवेअर वापरणारा एक, त्याची तांत्रिक तपासणी करणारा दुसरा, पैसे मंजूर करणारा तिसरा असतो. खरेदी विभागाला फक्त दराशी काम, विधी विभागाला कराराच्या कलमांशी. रॉबर्ट मिलर आणि स्टीफन हायमन यांनी १९८५ साली खरेदीदारांची अशीच विभागणी मांडली आणि तिच्यात चौथी व्यक्ती जोडली: संस्थेच्या आत किंवा जवळ असलेला, आपला माल यावा असं मनापासून वाटणारा वाटाड्या. तो नसेल तर विक्रेत्याच्या पाठीमागे बंद दाराआड होणाऱ्या बैठकीत त्याची बाजू मांडणारं कुणी उरत नाही. मोठे सौदे बुडतात ते बहुधा अशाच बैठकींत.

कोटरा सुल्तानाबाद ही भोपाळच्या नेहरूनगरला लागून असलेली निवासी वस्ती. तिथे खोली घेऊन राहणाऱ्या तरुण विक्री प्रतिनिधीचा सर्वसाधारण समज असा, की मोठी गिऱ्हाइकं मुंबई, पुणे, बंगळूर किंवा गुरुग्राममध्ये असतात. हा समज अर्धाच खरा आहे. बँकांची आणि मोठ्या उद्योगसमूहांची मुख्यालयं तिकडेच आहेत. पण मध्य प्रदेशाचं मंत्रालय म्हणजे वल्लभ भवन, संचालनालयांची सातपुडा आणि विंध्याचल भवनं, राज्याच्या माहिती-तंत्रज्ञान कामांशी निगडित असलेलं मध्य प्रदेश स्टेट इलेक्ट्रॉनिक्स डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन, हे सगळं अरेरा हिल्सच्या परिसरात, कोटऱ्यापासून काही किलोमीटरवर आहे. पलीकडे भेल, वीज वितरण कंपनी, दूध महासंघ. देशातली सर्वांत मोठी सॉफ्टवेअर कंपनीही सरकार या गिऱ्हाइकासाठी इथे आली: टीसीएस आणि राज्य सरकार यांनी २००६ साली मिळून एमपी ऑनलाइन सुरू केली.

सरकारी खात्याला विकणं हे मोठ्या गिऱ्हाइकाचं सर्वांत कडक शिक्षण. केंद्राची खरेदी सामान्य वित्तीय नियम २०१७ प्रमाणे चालते, मध्य प्रदेशाची स्वतःच्या भंडार क्रय तथा सेवा उपार्जन नियम २०१५ प्रमाणे. २०१६पासून ‘जेम’ हे ऑनलाइन खरेदीस्थळही आहे. निविदा दोन लिफाफ्यांत असते. तांत्रिक लिफाफ्यात पात्र ठरलेल्यांचाच दराचा लिफाफा उघडतो. केंद्राच्या नियमांत बयाणा रक्कम, म्हणजे ईएमडी, अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के असते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना तिच्यातून सूट आहे. दरात सर्वांत खालचा तो एल-वन, आणि काम बहुतेक वेळा त्याला. ऑक्टोबर २०२१मध्ये केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने सल्लागार सेवांखेरीज इतर सेवांतही गुणवत्तेला गुण देण्याची मुभा दिली, पण त्या गुणांचा भार जास्तीत जास्त ३० टक्के.

या व्यवस्थेत सगळ्यात जास्त चुकतं ते वेळेचं गणित. निविदा पोर्टलवर दिसल्यानंतर धावपळ करणारा विक्रेता बहुधा उशिरा आलेला असतो. पात्रतेच्या अटी, किती उलाढाल हवी, तशा स्वरूपाची किती कामं केलेली असावीत, कोणती मानकं पाळावीत, हे सारं त्याआधी ठरून गेलेलं असतं. अनुभवी माणूस वर्षभर आधी खात्याच्या अडचणी समजून घेतो, इतर राज्यांत तेच काम कसं झालं ते दाखवतो आणि प्री-बिड बैठकीत लेखी शंका मांडतो. पुष्कळ वेळा कंपनी स्वतः निविदा भरतच नाही. स्थानिक सिस्टिम इंटिग्रेटर भरतो आणि कंपनी त्याला अधिकारपत्र, एमएएफ, देते. ते कोणाला द्यायचं, हा मोठं गिऱ्हाईक सांभाळणाऱ्या विक्रेत्याच्या हातातला सर्वांत नाजूक निर्णय. सर्वांना दिलं तर भाव पडतो, एकालाच दिलं तर बाकीचे प्रतिस्पर्ध्याकडे जातात.

शिवाय दिनदर्शिका गिऱ्हाइकाची. मध्य प्रदेशात विधानसभेसाठी ९ ऑक्टोबर २०२३ रोजी आचारसंहिता लागली आणि निकाल ३ डिसेंबरला आला. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्च २०२४ रोजी लागली, तो निकाल ४ जूनला. आचारसंहितेत नव्या निविदांना खीळ बसते, आणि २०२४मध्ये ती ऐन मार्च एंडिंगमध्ये लागली. ज्याने वर्षाचा अंदाज देताना हे धरलं नाही, त्याच्या चुकलेल्या अंदाजाचा दोष सॉफ्टवेअरकडे जात नाही.

एक गोष्ट दबक्या आवाजात बोलली जाते, ती उघड सांगावी. ‘वरून सेटिंग’ केल्याशिवाय सरकारी काम मिळत नाही, असा सल्ला नवख्यांना बिनदिक्कत दिला जातो. भ्रष्टाचार प्रतिबंध कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि ज्या कंपनीच्या वतीने ती दिली जाते तिच्यावरही खटला चालू शकतो. दलालाच्या भरवशावर टार्गेट गाठणारा माणूस गिऱ्हाईक ओळखायला कधी शिकतच नाही, हे नुकसान वेगळंच.

खासगी मोठ्या गिऱ्हाइकांकडे निविदेची औपचारिकता कमी, पण धंद्याच्या ज्ञानाची अपेक्षा जास्त. भोपाळलगतच्या मंडीदीपमध्ये ल्युपिनसारख्या औषध कंपनीचा कारखाना आहे. अमेरिकेला औषधं पाठवणाऱ्या कारखान्याला सॉफ्टवेअर विकायचं तर अमेरिकेच्या औषध नियामकाचा, म्हणजे एफडीएचा, १९९७ सालचा ‘भाग ११’ हा नियम माहीत असावा लागतो. इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि सह्या कशा राखायच्या, कोणी कधी काय बदललं याचा माग कसा ठेवायचा, हे तो सांगतो. गुणवत्ता विभागाच्या प्रमुखाने विचारलेल्या प्रश्नावर ‘टेक्निकल टीमला विचारून सांगतो’ हे उत्तर एकदा चालतं, दुसऱ्यांदा नाही. उलट रस्ते बांधणाऱ्या दिलीप बिल्डकॉनसारख्या, भोपाळमध्येच मुख्यालय असलेल्या कंपनीपुढे यंत्रं, डिझेल, कामाची मोजमापं आणि बिलं हे विषय. म्हणून वर जाऊ पाहणाऱ्याने एकच उद्योग निवडून त्यात मुरावं, हे उत्तम. सगळ्यांना सगळं विकणारा माणूस बहुधा खालच्याच पायरीवर राहतो.

कंपन्यांनाही ही चढण सोपी जात नाही. कैलास काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून १९९३ साली कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस काढली. २००७मध्ये ती क्विक हील टेक्नॉलॉजीज झाली आणि २०१६ साली शेअर बाजारात आली. तिचा अँटिव्हायरस घरोघर पोचला तो गावोगावच्या संगणक विक्रेत्यांच्या जाळ्यातून. मोठ्या संस्थांसाठी मात्र कंपनीने ‘सेक्राइट’ हे वेगळं नाव घेतलं. काउंटरवरून खोकं उचलून नेणारं गिऱ्हाईक आणि हजारो संगणकांचं नियंत्रण एका जागी मागणारा सुरक्षाप्रमुख यांच्याशी बोलायची भाषाच निराळी. अशा सुरक्षाप्रमुखाला सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांची चिंता असते: सायबर घटना सहा तासांत कळवायची आणि नोंदी १८० दिवस जपायच्या. जो विक्रेता त्या चिंतेपासून बोलणं सुरू करतो, त्याला आत बसायला खुर्ची मिळते.

व्यक्तीच्या बाबतीत चढण्याचे मार्ग तीन-चारच आहेत. प्रीसेल्समधून, म्हणजे सौद्याआधी तांत्रिक बाजू समजावणाऱ्या चमूतून, येणाऱ्याला तांत्रिक विश्वास आधीच मिळालेला असतो. पार्टनर सांभाळणाऱ्याच्या मोठ्या इंटिग्रेटरांशी ओळखी असतात. जुनी खाती राखणाऱ्याला रिन्यूअलच्या निमित्ताने गिऱ्हाइकाचं अंतरंग कळतं. हा मार्ग कमी लेखला जातो, पण भरवशाचा आहे. चौथा मार्ग आहे त्याच खुर्चीतून. हाताखालच्या छोट्या खात्यांतलं सर्वांत मोठं निवडायचं आणि ते एंटरप्राइझसारखं चालवायचं. पीटीसी या अमेरिकन कंपनीत १९९०च्या दशकात ‘मेडिक’ नावाची प्रश्नावली तयार झाली, ती इथे उपयोगी पडते: फायदा आकड्यांत किती, पैसा कुणाच्या हातात, निवडीचे निकष कोणते, नस्ती कोणत्या टेबलांवरून फिरणार, खरं दुखणं काय आणि आत आपला माणूस कोण. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सीआरएममध्ये नावानिशी लिहिता आलं पाहिजे. पाच-सहा महिन्यांनी अशी एक नोंद साहेबांपुढे ठेवणं हा बढतीच्या अर्जापेक्षा जड पुरावा आहे. मुलाखतीतही एकच सौदा पहिल्या भेटीपासून सहीपर्यंत सांगायला लावतात, आणि त्याहून बारकाईने ऐकतात तो गमावलेला सौदा. ‘आपला भाव जास्त होता’ एवढंच कारण देणारा तिथेच मागे पडतो.

पैशाचा हिशेब शेवटी, पण आधी करून ठेवावा असा. छोट्या खात्यांत इन्सेन्टिव्ह महिन्याला किंवा तिमाहीला येतो. मोठ्या खात्यात सौदा नऊ महिने, वर्ष, दीड वर्ष चालतो आणि उत्पन्न एकदम येतं किंवा अजिबात येत नाही. एक ऑर्डर मार्चमधून एप्रिलमध्ये सरकली तर वर्षाचं टार्गेट कोरडं राहतं. घराचा हप्ता फक्त पक्क्या पगारातून भरता येत असेल तरच हा बदल झेपतो. ऑफर स्वीकारण्यापूर्वी खात्यांची यादी नावानिशी मागावी, चालू सौदे किती हातात येणार ते विचारावं आणि टार्गेट लागू होण्याआधी किती महिन्यांची सवलत आहे हे लेखी घ्यावं. इन्सेन्टिव्हची योजना बहुतेक कंपन्या दर आर्थिक वर्षी बदलतात आणि तसा अधिकार करारात राखून ठेवतात. ते कलम सही करण्याआधी वाचावं.