लय, मेंदूच्या लहरी आणि कानातला हेडफोन

पालकसभेत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "मोबाईलवर ते अल्फा म्युझिक लावून अभ्यासाला बसवलं तर चालेल का?" एकाग्रता वाढवून देणारे तासतासभराचे असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. काही पालक तर त्यासाठी पैसेही मोजतात. म्हणून हा विषय जरा नीट समजून घेऊया.

मेंदूतील पेशी विजेच्या अतिसूक्ष्म संकेतांनी एकमेकींशी बोलतात. असंख्य पेशी एका तालात काम करू लागल्या की त्यांची लहर डोक्यावर इलेक्ट्रोड लावून टिपता येते. जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूची अशी पहिली नोंद घेतली. तोच आपला ईईजी. डोळे मिटून निवांत बसलं की सेकंदाला साधारण ८ ते १३ वेळा वरखाली होणारी लहर ठळक दिसते, ती अल्फा. डोळे उघडून हिशेब करायला घेतला की ती दबते. म्हणजे बघा, अल्फा ही मुख्यतः निवांतपणाची खूण आहे. ते काही अभ्यासाचं बटण नव्हे!

आता हेडफोनचं. डाव्या कानात ४०० आणि उजव्या कानात ४१० हर्ट्झचा स्वर सोडला, तर मेंदूला सेकंदाला १० ठोके पडल्याचा भास होतो. त्यामुळे मेंदूच्या लहरीही १० वर येतात, असा दावा केला जातो. प्रयोगांतून मात्र एकसारखं उत्तर मिळालेलं नाही. कुठे थोडा परिणाम दिसतो, कुठे काहीच नाही. शिवाय मोबाईल टेबलावर ठेवून लावला तर दोन्ही स्वर हवेतच मिसळतात, मग ते दोन कानांचं तंत्रच उरत नाही. पैसे खर्च करण्यासारखं यात मला तरी काही दिसत नाही.

मग लयीचा उपयोग नाही का? आहे, आणि भरपूर आहे. ठेका ऐकताना मेंदू पुढच्या ठोक्याची वाट पाहतो आणि त्या क्षणी लक्ष आपोआप टवकारतं. नुसतं ऐकत असलो तरी मेंदूतले हालचालीचे भाग जागे होतात. टाळी देत पाढे म्हणणारा वर्ग आठवा. तिथे मूल लय ऐकतंही आणि स्वतः तयारही करतं.

शांत होण्याचा रस्ता श्वासातून जातो. इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना किंवा मंत्र म्हणताना लोकांचा श्वास मिनिटाला सुमारे ६ वर आला आणि हृदयाची लयही त्याच्याशी जुळली. मधल्या सुट्टीनंतर वर्ग गजबजलेला असतो, तेव्हा दोन मिनिटं संथ गुणगुणणं करून पाहा. वाचन करताना मात्र शब्द असलेली गाणी नकोत, ते शब्द वाचनाच्या आड येतात.

आणखी एक गोष्ट, खास शिक्षकांसाठी. केंब्रिजच्या उषा गोस्वामी यांच्या संशोधनात डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना ठेक्यावर टाळी धरणं अवघड जातं, असं दिसलं आहे. टाळी चुकली म्हणजे डिस्लेक्सिया, असं अजिबात नाही. पण एखादं मूल रोजच मागे पडत असेल तर "लक्ष कुठंय तुझं?" म्हणून ओरडू नका. ठेका थोडा संथ करा, त्याच्या शेजारी उभं राहून टाळी द्या, आणि त्याचं वाचन कसं चाललंय तेही एकदा जवळ बसून ऐका.