इसार देण्याआधी इंडेक्स टू वाचा

मराठवाड्यात मानवतकडे कापसाचं रान विकत घ्यायचं म्हटलं की सातबारा लगेच काढला जातो. इंडेक्स टू मात्र बहुतेक जण खरेदीखत झाल्यावर काढतात, तोही बँकेने मागितला म्हणून. मला हा क्रमच चुकीचा वाटतो. त्या गटाचे आधीचे इंडेक्स टू इसार देण्यापूर्वी वाचायला हवेत.

1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दुय्यम निबंधक कार्यालयात दस्तांच्या चार सूची ठेवतात. पहिलीत माणसांची नावं, दुसरीत मालमत्तेचा तपशील. ही दुसरी म्हणजेच आपला इंडेक्स टू. स्थावर मालमत्तेच्या या दोन्ही सूची शुल्क भरून कोणालाही पाहता येतात. त्यासाठी जमीनमालकाची परवानगी लागत नाही.

कागदावर आधी दस्ताचा प्रकार पाहा: खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र की वाटणीपत्र. मोबदला आणि बाजारभाव हे दोन आकडे वेगळे असतात. मोबदला म्हणजे दस्तात लिहिलेली किंमत, बाजारभाव म्हणजे सरकारी दरपत्रकावरून काढलेली. खरेदीखतात यांपैकी जास्त रकमेवर मुद्रांक शुल्क बसतं. पुढे गट नंबर, क्षेत्र, लिहून देणार आणि लिहून घेणार. तारखाही दोन असतात: सहीची आणि नोंदणीची. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला आणता येतो, त्यामुळे त्यांत अंतर पडू शकतं. आणि नोंदलेला दस्त लागू होतो तो सहीच्या दिवसापासून. एकच रान दोघांना विकलं गेलं असेल, तर या अंतराला फार महत्त्व येतं.

वकील साधारण तीस वर्षांचा शोध घेतात. इथे तेवढ्यावर थांबू नये. मानवत 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. जुने कागद उर्दूत सापडतात, आणि मराठवाड्यात 1954-55 चं खासरा पत्रक आजही काढून पाहिलं जातं.

शिवाय सूचीत फक्त नोंदलेला दस्त येतो. बाप वारला आणि बहिणींचा हक्क आला, तर तिथे दस्तच नसतो. तो हक्क फेरफारात शोधावा लागतो. तोंडी वाटणी आणि नोंद न केलेला इसारही सूचीत दिसत नाही.

खरेदीनंतर स्वतःचा इंडेक्स टू त्याच दिवशी ताडून पाहा. दस्तातच गट नंबर चुकला असेल, तर लिहून देणार हाताशी आहे तोवर चूक दुरुस्तीपत्र करून घ्या.