रुळाच्या पोटातला तडा

रेल्वे रुळाला तडा जातो तो अनेकदा आतून. पोलादात अडकून राहिलेला हायड्रोजन, अशुद्धीचा एखादा कण किंवा वेल्डमधली पोकळी एवढे निमित्त त्याला पुरते. पुढे दर चाकागणिक तो वाढत जातो आणि थंडीच्या पहाटे, सांधेविरहित रूळ आकसू पाहतो तेव्हा, रूळच तुटतो. मुंबईच्या लोकलचे वेळापत्रक अशा एका तड्याने कोलमडते. तो आधीच हेरण्यासाठी भारतीय रेल्वेत अल्ट्रासोनिक तपासणी चालते. रेल्वेच्या भाषेत ‘यूएसएफडी’.

रुळावर फिरवायच्या प्रोबमधला दाबविद्युत पदार्थ विजेच्या झटक्याने थरथरतो आणि सेकंदाला 20 ते 40 लाख कंपनांची लहर रुळात सोडतो. पोलादात ती सेकंदाला सुमारे 5,900 मीटर वेगाने जाते. मीटरमागे 60 किलो वजनाचा रूळ 172 मिलिमीटर उंच असतो, म्हणजे तळावरचा प्रतिध्वनी 58 मायक्रोसेकंदांत परत यायला हवा. त्याआधी काही आले, किंवा तळाचा प्रतिध्वनीच गडप झाला, तर वाटेत काहीतरी आहे. पोलाद आणि हवा यांच्या सीमेवरून ही लहर जवळपास पूर्ण परतते, म्हणूनच केसाएवढी फट सापडते. त्याच कारणाने प्रोब आणि रूळ यांच्यामध्ये पाण्याचा थर लागतो. टाकीतले पाणी संपले की तपासणी थांबली. मिशिगन विद्यापीठातल्या फ्लॉइड फायरस्टोन यांनी अशा यंत्राच्या पेटंटसाठी 1940 मध्ये अर्ज केला होता.

खरी मेख आहे कोनात. तडा लहरीला आडवा आला तरच ठळक प्रतिध्वनी मिळतो. लहरीच्या दिशेनेच गेलेला तडा निसटतो. सरळ खाली जाणारी लहर आडव्या चिरा दाखवते. पण सर्वांत घातक तडा रुळाच्या माथ्यात जवळजवळ उभा, साधारण 20 अंश कललेला वाढतो. त्याच्यासाठी 70 अंशांचे प्रोब लागतात, तेही पुढे आणि मागे दोन्हीकडे रोखलेले, कारण तो कोणत्या बाजूला कलला आहे हे आधी कळत नाही. ढकलत न्यायच्या ट्रॉलीवर असे अनेक प्रोब असतात. तपासनीस पडद्यावर नजर ठेवून चालतो. गंभीर दोष सापडला की रुळावर लाल रंगाच्या तीन फुल्या मारायच्या, ताशी 30 किलोमीटरची वेगमर्यादा लावायची आणि तीन दिवसांत तुकडा बदलायचा. एकच फुली असेल तर तो तडा देखरेखीखाली.

तरी सगळा रूळ तपासला जात नाही. माथ्यावरून सोडलेली लहर मधल्या पट्टीतून खाली उतरते, पायाच्या दोन्ही कडा तिच्या टप्प्याबाहेर राहतात. आणि गंज नेमका तिथेच खातो. वेल्डजवळ म्हणून पायावर वेगळा हातप्रोब फिरवतात. माथ्यावर बारीक चिरांची जाळी असेल तर खालचा मोठा तडा तिच्या आड लपतो. इंग्लंडमध्ये हॅटफिल्ड येथे 17 ऑक्टोबर 2000 रोजी कडेच्या अशा चिरांनी पोखरलेला रूळ गाडीखाली फुटला, त्याचे 300 हून अधिक तुकडे झाले आणि चार प्रवासी दगावले.

दोन तपासण्यांमधल्या काळाचे काय, याला दक्षिण आफ्रिकेने एक उत्तर शोधले. सिशेन–साल्डान्या या 861 किलोमीटरच्या लोहखनिज मार्गावर रुळालाच प्रेषक आणि ग्राहक बसवले आहेत. इथे लहर रुळाच्या उंचीत नाही, लांबीत धावते. ती पुढच्या ग्राहकापर्यंत पोचेनाशी झाली की धोक्याचा इशारा जातो. ही यंत्रणा तुटलेला रूळ पकडते. वाढत्या तड्यासाठी मात्र प्रोबची ट्रॉली लागतेच.