पूर्णवेळ कारकून की दूरचा मदतनीस?



आपल्यापैकी अनेकांची मुले आता पुण्यात धंद्यात पडली आहेत. कोणाचा गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गाळा आहे, कोणाचे हडपसरला ठिबकच्या साहित्याचे दुकान आहे, तर कोणी शेतकरी उत्पादक कंपनी काढून शहरात भाजी पुरवतो आहे. धंदा जरा वाढला की पहिला प्रश्न येतो तो कचेरीत माणूस ठेवण्याचा. बिले कोणी करायची, फोन कोणी घ्यायचे, उधारीची आठवण कोणी द्यायची? अशा वेळी अलीकडे एक शब्द कानावर येतो, तो म्हणजे 'व्हर्च्युअल असिस्टंट'. हे काय प्रकरण आहे, ते कोणाला परवडते आणि फसगत कोठे होते, हे आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

व्हर्च्युअल असिस्टंट म्हणजे आपल्या कचेरीत न बसता, स्वतःच्या घरून, संगणक व फोनच्या साह्याने काम करून देणारा मदतनीस. तो आपला पगारी नोकर नसतो. ठरलेल्या कामाचे किंवा तासांचे पैसे घेतो आणि एकाच वेळी दोन-चार ठिकाणची कामे सांभाळतो. नाव नवे असले तरी कल्पना आपल्याला नवी नाही. विकास सोसायटीचा गटसचिवच बघा ना! लहान सोसायटीला पूर्णवेळ माणूस झेपत नाही, म्हणून एकच सचिव दोन-तीन सोसायट्यांचे दप्तर सांभाळतो. दूरच्या मदतनीसाचेही तसेच. फरक इतकाच की तो जागेवर येत नाही. २०२० च्या टाळेबंदीत पुण्यातल्या कितीतरी कचेऱ्यांचे काम घरून चालले, तेव्हा हे जमू शकते अशी लोकांची खात्री पटली.

आता हिशेब करू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावेत. समजा, पूर्णवेळ कारकुनाचा पगार १८,००० रुपये. दिवाळीला एक पगार जादा द्यायचा, तो महिन्यावर वाटला तर १,५०० रुपये. टेबल-खुर्ची, संगणक, वीज व तेवढ्या जागेचे भाडे मिळून ३,५०० रुपये. एकूण झाले २३,०००. महिन्याचे २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. तासाला सुमारे १११ रुपये पडले.

दूरचा मदतनीस समजा तासाला १५० रुपये घेतो. म्हणजे दर जास्तच की! मग तो स्वस्त कसा? तर दुकानात कागदाचे काम रोज तीनच तासांचे असेल, तर महिन्याचे ७८ तास व ११,७०० रुपये होतात. उरलेले पाच तास माणूस बसून राहतो, त्याचे पैसे वाचतात. परंतु काम वाढून महिन्याला १५३ तासांच्या पुढे, म्हणजे रोज सहा तासांच्या आसपास गेले, की पूर्णवेळ माणूसच स्वस्त. म्हणून आधी पंधरा दिवस वहीत नोंद करा, की कागदाचे काम खरोखर किती तास असते. पुष्कळ जण ही नोंद न करताच निर्णय घेतात आणि मग पस्तावतात.

काम कोणते द्यायचे, हेही पाहावे. बिले तयार करणे, फोनवर मागणी टिपून घेणे, जी.एस.टी.च्या विवरणासाठी बिले लावून ठेवणे, येणे बाकीची यादी करणे, ही कामे दुरून होतात. गाडीतला माल मोजून उतरवून घेणे, रोकड सांभाळणे, दारात आलेल्या गिऱ्हाइकाला चहा विचारणे, हे दुरून होत नाही. त्याला माणूस समोरच लागतो.

तिजोरीची किल्ली मात्र कोणाकडेही देऊ नये. बँकेचा पासवर्ड व ओ.टी.पी. आपल्याकडेच ठेवा, बिल मदतनीसाने करावे, पैसे आपण आपल्या हाताने पाठवावेत. गिऱ्हाइकांचे फोन नंबर व आधारच्या प्रती जपून द्याव्यात. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली मंजूर केला आहे. काम, तास, दर, पैसे देण्याची तारीख आणि काम सुटल्यावर कागदपत्रे परत करण्याची अट, एवढे तरी लेखी करून घ्यावे.

कायद्याचीही एक गोष्ट. वीस माणसे कामाला असली की प्रॉव्हिडंट फंड लागू होतो, दहा असली की ग्रॅच्युइटी. हे टाळण्यासाठी सकाळी नऊ ते सहा आपल्याच हुकुमाखाली राबणाऱ्या माणसाला नुसते 'मदतनीस' म्हणून भागत नाही. वाद झाला तर नावाकडे नव्हे, प्रत्यक्ष संबंधाकडे पाहिले जाते.

आता दुसरी बाजू. हा दूरचा मदतनीस म्हणजे आपल्याच गावातली, बी.कॉम. होऊन टॅली शिकलेली लेक किंवा सून असू शकते. पूर्वी अशा कामासाठी पुण्यात कॉट बेसिसवर राहावे लागे. आता ते घरून होते. परंतु तिला ना भरपगारी रजा, ना फंड, ना ग्रॅच्युइटी. तासाचा दर जास्त का, याचे उत्तर येथे आहे. तो दर घासाघीस करून पाडू नये. ऊस गेल्यावर १४ दिवसांत बिल मिळाले पाहिजे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो आणि आपण त्यासाठी भांडतो. मग आपल्याकडे काम करणाऱ्याचे पैसे आपण अडकवून ठेवणे शोभते का?

काम शोधणाऱ्या मुलामुलींनीही सावध राहावे. 'घरबसल्या टायपिंगचे काम देतो, आधी नोंदणी फी भरा,' असे कोणी म्हणाले तर एक पैसाही देऊ नये. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

असो. काम थोडे असेल तर दूरचा मदतनीस, भरपूर असेल तर पूर्णवेळ माणूस, आणि दोघांचेही पैसे वेळेवर, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.