शिपाई नामदेव जाधव

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आपल्या बेळगावी आहे. या पलटणीतील शिपाई नामदेव जाधव यांचा पराक्रम विद्यार्थ्यांनी अवश्य जाणावा. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदी ओलांडताना मशीनगनच्या माऱ्याने त्यांचे बहुतेक सोबती पडले. जाधवांनी प्रथम दोघा जखमींना खोल पाण्यातून, उभ्या चढणीवरून व सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित स्थळी पोहोचविले. मग परत फिरून, हात जखमी झाला असताही, हातगोळ्यांनी शत्रूची ठाणी नष्ट केली आणि काठावर उभे राहून रणगर्जनेने मागील सैनिकांना पार बोलाविले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शत्रूवर चालून जाणे हे शौर्य खरेच. परंतु त्याआधी त्यांनी सोबत्यांचे प्राण वाचविले, हे वीरस्मरण करताना आपण विसरू नये.