आधी प्रवेश, मग शास्त्रपरीक्षा

वैद्य होऊ इच्छिणाऱ्याने काय करावे, याचा क्रम चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात दिला आहे. आपण हाती घेत असलेले कार्य जड की हलके, त्याचे फळ काय, त्याच्या मागून येणारे परिणाम कोणते, आपला देश कोणता आणि वय काय, याचा विचार करून त्याने प्रथम शास्त्राची परीक्षा करावी. शास्त्र ठरले की आचार्याची परीक्षा करावी. शिष्याची परीक्षा आचार्याने घ्यावी, ती त्यानंतर. आपण सर्वांनीच हा भाग पाठ करून उत्तरपत्रिकेत उतरवलेला आहे. तो उतरवताना हा क्रम आपल्याला स्वतःला लागू होतो, असे किती जणांच्या मनात आले असेल?

माझ्या मनात आले नव्हते. मी बारावी झालो १९९८ साली. त्याच वर्षी नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली. त्यापूर्वी नागपुरातील आयुर्वेद पदव्या नागपूर विद्यापीठाच्या असत. आमच्या तुकडीत एकमेकांची ओळख करून घेण्याचा पहिला प्रश्न गाव कोणते हा नव्हता. ‘मेडिकलला किती गुणांनी नंबर हुकला?’ हा होता. कोणी तीन गुणांनी हुकला होता, कोणी सात. सक्करदऱ्याचे शासकीय महाविद्यालय असो की हनुमाननगरचे श्री आयुर्वेद महाविद्यालय, बाकांवर बसलेल्यांपैकी शास्त्राची परीक्षा करून आलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांतही बहुतेक वैद्यांच्या घरचे. आता ‘नीट’ आली, समुपदेशन संगणकावर होऊ लागले. महाविद्यालयांतून नव्या विद्यार्थ्यांचा शिष्योपनयन समारंभही हौसेने होतो. तथापि आधी जागा आणि मग शास्त्राचा परिचय, हा उलटा क्रम तसाच आहे.

यात लाज वाटण्यासारखे काही आहे, असे मी मानत नाही. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने शास्त्राची परीक्षा करावी कशी? त्याने आयुष्यात एकही काढा उकळताना पाहिलेला नसतो. नंबर हुकला म्हणून आलेले कित्येक जण पुढे उत्तम वैद्य झाले, हे या पानांचे वाचकच सांगतील. माझी तक्रार वेगळी आहे. प्रवेशाच्या वेळी राहून गेलेली ही परीक्षा साडेपाच वर्षांनंतर, आंतरवासिता संपताना तरी व्हायला हवी. त्या वेळी पदवीधराजवळ शब्द असतात, थोडे रुग्ण पाहिलेले असतात, वयही आलेले असते. नेमके त्याच वेळी त्याच्याजवळ उभे राहणारे कोणी नसते. आपणही नसतो.

मागील वर्षीची गोष्ट. आंतरवासिता संपवलेली एक मुलगी आईला घेऊन माझ्या चिकित्सालयात आली. घर वरुडकडचे, थोडी संत्र्याची बाग. बोलली आईच. “डॉक्टरसाहेब, साडेपाच वर्षं झाली. आता ही म्हणते पुन्हा तीन वर्षं एम.डी. मग दवाखाना केव्हा टाकायचा अन् लग्न केव्हा करायचं? तुम्हीच सांगा हिला.”

मी सांगितले. सांगण्यासारखे पुष्कळ होते. पदव्युत्तर प्रवेशासाठी २०१७ पासून अखिल भारतीय परीक्षा आहे. शाळा-अंगणवाड्यांतील मुलांच्या तपासणीसाठी २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच्या फिरत्या पथकांत आयुष वैद्यकीय अधिकारी घेतले गेले. २०१४ साली १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका राज्यात धावू लागल्या, तेव्हा त्यांत बसलेले बहुसंख्य डॉक्टर आपलेच पदवीधर होते. सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण करून उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होता येते. तालुक्याच्या गावी दवाखाना आहे, फार्मसीतील नोकरी आहे, खासगी रुग्णालयातील निवासी डॉक्टरची जागा तर उद्याही मिळेल. वह्या भरतील इतकी माहिती मी दिली. मुलीने शेवटी एवढेच विचारले, “सर, मी तुमच्याकडे वर्षभर राहू का?”

मी म्हणालो, सध्या माझ्याकडे जागा नाही. खुर्ची नव्हती हे खरे. पण मी टाळले, हेही तितकेच खरे. पुढच्या आठवड्यात ती एका रुग्णालयात रात्रपाळीला लागली.

रात्रपाळी आणि सही

त्या रात्रपाळीची मला पुरती ओळख आहे. पदवीनंतरची चार वर्षे मी तीच केली. बाटली लावणे, टाके घालणे, दोन वाजता मोठ्या डॉक्टरांना फोन करावा की पहाटेपर्यंत थांबावे याचा अंदाज बांधणे, हे सर्व मी शिकलो आणि त्याचा उपयोगही झाला. आधुनिक औषधे देण्याचा आपला अधिकार हा या लेखाचा विषय नव्हे. महाराष्ट्राची १९९२ ची अधिसूचना आणि हा प्रश्न राज्यांच्या कायद्यावर अवलंबून ठेवणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा मुख्तियारचंद निकाल वाचकांना ठाऊक आहे. तसाच गुजरातच्या प्रकरणातील २०२३ चा निकालही. आयुर्वेद पदवीधरांचे काम एम.बी.बी.एस. डॉक्टरांच्या कामाशी समान मानून समान वेतन देता येणार नाही, असे न्यायालयाने त्यात म्हटले. मला सांगायचे आहे ते इतकेच की, त्या चार वर्षांत मी स्वतःच्या बुद्धीने एकही आयुर्वेदीय चिकित्सापत्र लिहिले नाही. सुश्रुताचार्यांनी केवळ शास्त्र जाणणाऱ्याला आणि केवळ कर्म जाणणाऱ्याला एका पंखाच्या पक्ष्याची उपमा दिली आहे. माझ्याकडे एक पंख एका शास्त्राचा होता आणि दुसरा पंख दुसऱ्याच कर्माचा.

त्यानंतर काही महिने मी एका लहान फार्मसीच्या परवान्यावर तांत्रिक कर्मचारी होतो. ‘होतो’ म्हणजे माझे नाव होते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील नियम १५७ नुसार आयुर्वेदीय औषधांचे उत्पादन पात्र तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावे लागते आणि ती व्यक्ती पूर्णवेळ कर्मचारी असावी लागते. मी महिन्यातून दोनदा जाऊन नोंदवहीवर सह्या करीत असे. कोणत्या दिवशी कोणते चूर्ण दळले गेले, ते सही करताना वाचत असे. मालकांना परवान्यासाठी पदवी हवी होती, मला घरभाड्यासाठी पैसे. दोघांचेही त्यात काही अडले नाही, म्हणून आम्हा दोघांनाही त्यात वावगे वाटले नाही. अडत होते ते औषध घेणाऱ्याचे. तो समोर नव्हता.

कढईपाशी

मला दिशा मिळाली ती महालातील एका वृद्ध वैद्यांच्या मागच्या खोलीत. ते आता हयात नाहीत, आणि जाहीर उल्लेख त्यांना आवडत नसे. पहिले सहा महिने त्यांनी मला रुग्णाच्या नाडीला हात लावू दिला नाही. इतवारीतून आणलेली द्रव्ये निवडायची, खलात घोटायची, वस्त्रगाळ करायची, एवढेच काम. द्रव्यगुणात मला उत्तम गुण होते. तरीही अशोकाच्या सालीच्या ढिगातून खोट्या अशोकाची साल वेगळी काढा म्हटल्यावर मी नुसता पाहत उभा राहिलो. वावडिंग म्हणून येणारे फळ नेमके कोणत्या जातीचे, हा प्रश्न पुस्तकात असतो, हे मला ठाऊक होते. तो पोत्यात असतो, हे ठाऊक नव्हते.

एका रात्री बला तैलाचा पाक चालू होता. स्नेहसिद्धीची लक्षणे मला झोपेतही म्हणता येत होती. कल्काची वात वळली जावी, ती अग्नीवर टाकल्यास तडतडू नये. तेल सिद्ध होताना फेस येतो, तूप सिद्ध होताना फेस शमतो. मी फेस पाहिला आणि कढई उतरवली. वैद्यबुवांनी कल्काची वात करून निखाऱ्यावर टाकली. ती तडतडली. ते रागावले नाहीत. म्हणाले, “फेस दिसला म्हणून उतरवलंत. हे तेल कशासाठी करतोय, ते विचारलंत का?” नस्यासाठी मृदू पाक, पान आणि बस्तीसाठी मध्यम, अभ्यंगासाठी खर. मौखिक परीक्षेत मी हे उत्तर दिले होते आणि परीक्षकांनी मान डोलावली होती. कढई पुन्हा चढवली. त्या रात्री घरी गेलो तेव्हा दूधवाले निघाले होते.

दोन वर्षांनी मी त्यांच्याच घरापासून दोन गल्ल्या सोडून चिकित्सालय उघडले. सहकाऱ्यांशी या विषयावर बोलताना पहिली हरकत हीच येते, की शिकवलेला मुलगा उद्या समोरच दुकान थाटेल. थाटेल. मी थाटले. माझे काही रुग्ण आरंभी त्यांनीच पाठवलेले होते. त्यांचे कमी झाले असतील तर त्यांनी ते कधी बोलून दाखवले नाही. याउपर मला या हरकतीचे उत्तर देता येत नाही.

दुसरी हरकत पैशाची, आणि ती पहिलीपेक्षा खरी आहे. पदवीधर मुलगा फुकट राबू शकत नाही आणि त्याला राबवूही नये. १९८८ साली दिल्लीत स्थापन झालेले राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठ गुरुशिष्य परंपरेने एक वर्षाचा अभ्यासक्रम चालवते आणि शिष्याला विद्यावेतन देते. पण त्याच्या जागा मोजक्या, आणि गुरू देशभर विखुरलेले. आपल्या संघटनेच्या प्रत्येक शाखेने वर्षाला दोन पदवीधरांचा खर्च उचलायचे ठरवले तर तो वार्षिक स्नेहसंमेलनाच्या भोजनखर्चाहून फार मोठा होणार नाही. (हे वाक्य काही पदाधिकाऱ्यांना रुचणार नाही. गतवर्षीच्या बासुंदीची प्रशंसा मीही केली होती.)

फार्मसीच्या मालकांपाशी तर पैशाचीही अडचण नाही. वेतन ते सहीसाठी आधीच देत आहेत. त्याच वेतनात पदवीधर रोज आठ तास कारखान्यात उभा राहिला तर कच्चे द्रव्य आत येताना पाहील आणि प्रत्येक खेपेची नोंद काम चालू असतानाच होईल. अनुसूची ‘टी’ २००० साली आली, ती याचसाठी. अवलेहाचा पाक पाण्यात बुडतो का, तार धरतो का, दाबल्यावर बोटाचा ठसा उमटतो का, हे पाहायला शिकलेला माणूस वर्षभरानंतर मालकालाच हवाहवासा वाटेल. आणि ज्याला पुढे रसशास्त्रात किंवा द्रव्यगुणात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे, त्याची शास्त्रपरीक्षा तेथेच होऊन जाईल.

कारण पदव्युत्तर विषयाची निवडही आज नंबरानेच होते. कायचिकित्सा, पंचकर्म, स्त्रीरोग, शल्य या जागा आधी भरतात. खाली राहिलेल्याच्या वाट्याला द्रव्यगुण येते आणि तो तीन वर्षे खिन्न मनाने काढतो. म्हणजे बारावीची गोष्ट पुन्हा एकदा. वस्तुतः कोणती शाखा कधी फळाला येईल, हे गुणवत्ता यादीला कळत नाही. काशीला प्रा. पी. जे. देशपांडे आणि त्यांचे सहकारी १९६० च्या दशकात क्षारसूत्रावर काम करू लागले, तेव्हा भगंदरासाठी दोऱ्यावर लेप चढवत बसणे हे काही प्रतिष्ठेचे काम नव्हते. स्नुहीक्षीराचे अकरा, त्यावर अपामार्गक्षारासह सात, शेवटी हळदीसह तीन, असे एकवीस लेप, आणि प्रत्येक लेप वाळेपर्यंत थांबणे. आज विदर्भातील तालुक्या-तालुक्यांत शल्यतंत्राचे पदवीधर त्या एकवीस लेपांवर सन्मानाने उभे आहेत.

वरुडकडच्या त्या मुलीला मी चार महिन्यांनी फोन केला. नोकरी तिने सोडलेली नाही; घरी पैसे पाठवावे लागतात. रात्रपाळी संपवून ती थोडी झोपते आणि आठवड्यातून तीन दुपारी माझ्याकडे येते. येण्याजाण्याचा खर्च आणि वर थोडे, एवढेच मी देऊ शकतो. पहिला महिनाभर ती खलावर बसल्या बसल्या पेंगत असे. गेल्या पंधरवड्यात आम्ही इतवारीत गेलो होतो. दुकानदाराने अशोकाची साल पुढे टाकली. मी भाव विचारत होतो, तेवढ्यात तिने दोन मुठी बाजूला सारल्या आणि म्हणाली, “ही नको.” दुकानदाराने माझ्याकडे पाहिले. मी चष्मा लावून पाहिले. तिचे बरोबर होते.

परतताना ती म्हणाली की पदव्युत्तर परीक्षेच्या अर्जात पहिली पसंती द्रव्यगुणाला द्यायची आहे. क्रमांक चांगला लागला तरीसुद्धा. परवा तिच्या आईचा फोन येऊन गेला. त्यांना हे अजून पटलेले नाही, आणि रविवारी त्या मला भेटायला येणार आहेत.